ठळक छापलेला आकडा

वार्षिक तपासणीच्या रिपोर्टातले साखर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे आता बहुतेकांच्या ओळखीचे झाले आहेत. साखर वाढली म्हणजे काय, हे शेजारचाही सांगतो. त्याच कागदावर चार ओळी खाली ‘एसजीपीटी ६८’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि त्यावरून काय समजायचे हे घरात कोणालाच धड ठाऊक नसते. पहिली शंका दारूची निघते, दुसरी काविळीची. मग कोणीतरी लिव्हर टॉनिकचे नाव सुचवते, तीन महिन्यांनी आकडा खाली येतो आणि प्रकरण मिटले असे समजून कागद फायलीत जातो. ज्यांच्या रिपोर्टात त्या ओळीवर काहीच ठळक नसते, ते तर यकृताचा विचार पुन्हा वर्षभर करत नाहीत. या दोन्ही वागण्यांमागे एकच गैरसमज आहे: हा आकडा यकृताचे काम मोजतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो गळती मोजतो. गळतीवरून घराची अवस्था ठरवायची, तर पाणी कुठून येते, किती दिवसांपासून येते आणि भिंतीत ओल किती मुरली आहे, हे आधी पाहावे लागते. छतावरून किती थेंब पडले याची मोजदाद त्यानंतरची.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही जुनी नावे. आता त्यांना एएसटी आणि एएलटी म्हणतात, पण आपल्या लॅबनी जुनी नावे सोडलेली नाहीत. ही दोन्ही एन्झाइम पेशीच्या आत राहून अमिनो आम्लांची देवघेव घडवतात. रक्तात त्यांना काही काम नसते. पेशी मेली, किंवा नुसती दुखावून तिचे आवरण सैल झाले, की ती रक्तात उतरतात. १९५४ साली न्यूयॉर्कच्या लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातली एसजीओटी वाढते. म्हणजे आज जिला आपण लिव्हरची टेस्ट म्हणतो, तिची सुरुवात हृदयाची टेस्ट म्हणून झाली. (मराठीला हा घोळ नवा नाही. कवितेत काळीज म्हणजे हृदय, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते.) एसजीओटी हृदयात, स्नायूंत, मूत्रपिंडात आणि तांबड्या रक्तपेशींतही असते. एसजीपीटी त्या मानाने यकृताशी अधिक एकनिष्ठ आहे, पण स्नायूंत तीही थोडी सापडतेच. यकृताच्या खऱ्या कामाचा अंदाज येतो तो अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, यांवरून. म्हणूनच सिरॉसिसने आक्रसलेल्या यकृतात एन्झाइम अनेकदा नॉर्मल निघतात; गळायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. अचानक निकामी होत चाललेल्या यकृतात तर एन्झाइम उतरणे आणि आयएनआर चढणे ही जोडी डॉक्टरांची झोप उडवते. नातेवाईक मात्र बाहेर ‘आकडा निम्म्यावर आला’ म्हणून सुटकेचा श्वास टाकत असतात.

मग नॉर्मल म्हणजे किती? एक लॅब ४० ही मर्यादा छापते, दुसरी ५६. ही मर्यादा ठरते ती निरोगी समजल्या गेलेल्या लोकांच्या आकड्यांवरून. त्या ‘निरोगी’ लोकांत ज्यांच्या यकृतात चरबी साचली आहे असे किती होते, हे जुन्या काळी कोणी तपासले नव्हते. २००२ साली इटलीत प्राती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदात्यांचे आकडे घेतले, त्यांतून वजन, साखर, चरबी बिघडलेले लोक वगळले आणि मर्यादा नव्याने काढली. ती पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ निघाली. २००४ साली कोरियातल्या १,४२,००० हून अधिक विमाधारकांच्या अभ्यासात दिसले, की रूढ मर्यादेच्या आत, पण वरच्या टोकाला आकडा असलेल्या पुरुषांत यकृताच्या आजाराने होणारे मृत्यू अधिक होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासात यकृतात चरबी सापडलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांची एसजीपीटी नॉर्मल होती. यावर आक्षेप ठरलेला आहे: मर्यादा १९ वर आणली तर निम्मा गाव आजारी ठरेल आणि लॅबवाल्यांची चंगळ होईल. आक्षेप रास्त आहे. मर्यादा खाली ओढल्याने चूक दुरुस्त होत नाही, फक्त तिची जागा बदलते. एका ठळक आकड्याऐवजी दुसरा आकडा ठळक होतो. या तिन्ही अभ्यासांतून मला दिसते ते इतकेच, की एन्झाइमच्या बाबतीत ‘नॉर्मल’ या शब्दावर फार भार टाकता येत नाही.

आकडा किती वाढला यापेक्षा कोणता वाढला, हे आधी पाहावे. एसजीओटी-एसजीपीटी जास्त आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे तिसरे एन्झाइम बेताचे असेल, तर मार यकृताच्या पेशींवर आहे. उलट असेल तर संशय पित्तनलिकेवर जातो: खडा, अरुंद झालेली नळी, गाठ. मात्र अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येते आणि वारेतूनही. वाढत्या वयाच्या मुलाचे, किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या बाईचे फॉस्फटेज वाढलेले दिसले तर त्यात नवल नाही. सोबत जीजीटी हे हाडांतून न येणारे एन्झाइम वाढलेले नसेल तर यकृताला उगाच दोष देऊ नये. स्नायूंचेही असेच. दोन दिवसांपूर्वी जिममध्ये पहिल्यांदाच जोरात वजने उचललेल्या तरुणाची एसजीओटी आठवडाभर चढलेली राहू शकते. याची गंभीर बाजू लहान मुलांत दिसते. पोटऱ्या जाड, जिना चढायला वेळ लागतो, आणि एसजीपीटी तीनशेच्या घरात. अशा मुलाच्या काविळीच्या सगळ्या तपासण्या होतात आणि आजार निघतो ड्यूशेन स्नायुविकार. सीपीके नावाची, स्नायूंची इजा दाखवणारी साधी तपासणी पहिल्याच दिवशी केली असती, तर यकृताचा तुकडा काढण्यापर्यंत वेळ आली नसती.

हजारांतले आकडे आणि शंभराच्या आतबाहेरचे आकडे हे दोन वेगळे प्रांत आहेत. हजारांच्या वर जाणारी कारणे मोजकी: विषाणूजन्य कावीळ, औषधाचे विष, रक्तदाब कोसळून यकृताचा रक्तपुरवठा तुटणे, आणि क्वचित पित्तनलिकेत एकाएकी अडकलेला खडा, ज्यात आकडा एक-दोन दिवसांत धाडकन खालीही येतो. आपल्याकडे या प्रांतावर राज्य आहे ते दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई यांचे. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली, तीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञही होते, आणि ही साथ हिपॅटायटिस एची नव्हतीच हे १९८० साली कळले. काश्मीर खोऱ्यातल्या १९७८ च्या साथीवरून मोहम्मद सुलतान खुरू त्याच निष्कर्षाला पोचले. या साथींमागचा नवा विषाणू म्हणजे आजचा हिपॅटायटिस ई. धडधाकट माणसात ही कावीळ काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. श्रेय मात्र गळ्यात घातलेल्या माळेला, नाकात पिळलेल्या रसाला किंवा उसाच्या रसाला मिळते. काविळीच्या औषधवाल्यांचा गावोगाव चाललेला धंदा या ओसरण्यावरच उभा आहे. अपवाद गरोदर स्त्रीचा. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याचे नोंदले गेले आहे. गरोदरपणात फॉस्फटेजला जी सूट मिळते ती एसजीपीटीला मिळत नाही. तिथे वाढलेली एसजीपीटी त्याच दिवशी डॉक्टरांपुढे गेली पाहिजे.

रोजच्या रिपोर्टांतले साठ-सत्तर किंवा नव्वद हे आकडे मात्र बहुतेकदा चरबीचे असतात. भारतातल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांना फॅटी लिव्हर आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-हृदयविकारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. ‘मी तर बारीक आहे, मला कुठला फॅटी लिव्हर’ हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपलेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३, अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार, अशी ही भारतीय ठेवण. २०१० साली पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातून आलेल्या अभ्यासातही फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. त्यामुळे आपल्याकडे कमरेचा घेर आणि साखर यांना वजनकाट्यापेक्षा जास्त किंमत द्यावी लागते. आजाराच्या नावातला ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी काढून टाकला. आयुष्यात थेंबभर न घेतलेल्या बाईला आपल्या आजाराच्या नावात दारू ऐकावी लागणे हा एक अपमानच होता.

दारूचे स्वतःचे म्हणून एक लक्षण एन्झाइममध्ये दिसते: एसजीओटी ही एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, पण सहसा तीनशेच्या आत. पिणाऱ्याच्या शरीरात बी-६ जीवनसत्त्वाचा तुटवडा पडतो, त्याने एसजीपीटी मागे पडते. चरबीच्या सुरुवातीच्या आजारात क्रम उलटा असतो. दोन्हींच्या गुणोत्तराकडे लक्ष वेधले ते इटलीच्या फेर्नांदो दे रितिस यांनी, १९५७ साली. पण गुणोत्तरावरून कोणाला दारुडा ठरवू नये. तंतुमयता (इजा होत राहिल्याने यकृतात साचणारे व्रणाचे तंतू) वाढली की चरबीच्या यकृतातही एसजीओटी पुढे जाते, आणि डेंग्यूच्या तापातही तीच पुढे असते.

हिपॅटायटिस बी आणि सी यांना मी वेगळे काढतो, कारण एन्झाइमवर विसंबण्याचा सर्वांत मोठा तोटा इथे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ साली सुमारे ३ कोटी लोकांत बी आणि ५५ लाख लोकांत सी विषाणू होता. यांतल्या अनेकांची एसजीपीटी वर्षानुवर्षे नॉर्मल असते, तरी आत ओल मुरत राहते. सी आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते उपचार मोफत आहेत. म्हणून आकडा पाच युनिटांनी वाढला असो की पन्नास, आयुष्यात एकदा या दोन विषाणूंची तपासणी झालेली असणे मला कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाचे वाटते.

औषधांच्या प्रश्नात हा सगळा वाद एकवटतो. क्षयाच्या औषधांनी, विशेषतः आयसोनियाझिडने, दहा-वीस टक्के रुग्णांत एन्झाइम किंचित चढतात आणि औषध चालू असतानाच उतरतात. यकृत जुळवून घेते. त्या आकड्याला घाबरून औषध सोडले तर क्षय बळावतो. म्हणून नियम असा: लक्षणे असतील तर मर्यादेच्या तिप्पट, लक्षणे नसतील तर पाचपट आकडा झाल्यावर औषध थांबवायचे. बिलिरुबिनही वाढू लागले तर मात्र चित्र पालटते. हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा सांगतो, की औषधाने एसजीपीटी तिप्पट आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलेल्यांत सुमारे दहात एक दगावतो. गळती आणि कामातला बिघाड एकत्र आले की धोका कसा वाढतो, हे यातून स्पष्ट दिसते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. एसजीपीटी साठ झाली म्हणून त्या बंद करणारे पुष्कळ. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच स्टॅटिनवर असणाऱ्यांची वारंवार एन्झाइम तपासणी करण्याची शिफारस मागे घेतली. ज्याचे यकृत चरबीने भरले आहे त्याला हृदयविकाराचाच धोका मोठा असतो, त्यामुळे आकडा वाचवायला गोळी सोडणे त्याला महागात पडू शकते.

वनौषधींबद्दल बोलले की वातावरण तापते. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांत स्वयंप्रतिकारातून येणाऱ्या यकृतदाहाची लक्षणे असलेले बरेच होते. मंत्रालयाची शंका शास्त्रीय दृष्ट्या योग्य होती, पण तिचा अर्थ काय होतो ते पाहा. ओळख पटवणे तज्ज्ञांनाही जड जात असेल, तर झाडावरून वेल तोडून आणणाऱ्याने किंवा डबीतली पूड घेणाऱ्याने काय करावे? ‘शेकडो वर्षे चालत आलेले आहे’ या दाव्यालाही उत्तर आहे. परंपरेत वैद्य प्रकृती पाहून थोड्या दिवसांसाठी द्यायचा. रोज, महिनोन्महिने, घरातल्या सगळ्यांना, ही रीत नवी आहे. हळदीचेही तसेच. फोडणीतली हळद निरुपद्रवी आहे; मिरीचा अर्क मिसळून शोषण अनेकपट वाढवलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मात्र अमेरिकेत नोंदली गेली आहेत. औषध कोणत्या पंथाचे आहे याची चौकशी यकृत करत नाही, आणि म्हणून रुग्णाने डॉक्टरांना सांगायच्या यादीत काढाही हवा आणि प्रोटीन पावडरही हवी.

उरलेल्या कारणांची यादी लांब आहे, पण त्यातले प्रत्येक कारण कमी जणांतच सापडणारे. तरुण वयात कारण मिळत नसेल तर तांबे साचवणारा विल्सनचा आजार शोधावा, मध्यम वयाच्या बाईत स्वयंप्रतिकाराचा यकृतदाह. थायरॉइड आणि गव्हाची असहिष्णुता यांचीही आठवण ठेवावी.

आकडा वाढलेला दिसला तर थांबून पुन्हा तपासावे की लगेच कारण शोधावे, यावर जाणत्यांतही एकमत नाही. अमेरिकन मार्गदर्शक आधी पुन्हा तपासून खात्री करा म्हणतात, आणि तिथल्या एका मोठ्या पाहणीत दुसऱ्या वेळी तीसहून अधिक टक्के लोकांचे आकडे नॉर्मल निघाले होते. ब्रिटिश मार्गदर्शक २०१७ पासून सांगतात, की पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नका, कारण शोधा. त्यांच्याकडच्या पाहणीत महिन्याभराने ८४ टक्के लोकांचे आकडे चढेच राहिले होते. त्याच ब्रिटिश पाहणीतल्या सुमारे १,३०० लोकांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांत ठोस नाव देता येईल असा यकृताचा वेगळा आजार सापडला. माझा कल ब्रिटिशांकडे आहे, आणि तोही अर्धाच. कारण शोधण्याइतकेच ओल किती मुरली, म्हणजे तंतुमयता किती झाली, हे पाहणे गरजेचे आहे, आणि त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांतून ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक काढता येतो: वय गुणिले एसजीओटी, या गुणाकाराला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. १.३ च्या आत असेल तर गंभीर तंतुमयतेची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. छत्तीस वर्षांचा एक माणूस घ्या: एसजीओटी ५०, एसजीपीटी १००, प्लेटलेट ३ लाख. उत्तर येते ०.६. आता अठ्ठावन्न वर्षांचा दुसरा: एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख २० हजार. उत्तर तीनच्या वर. ठळक आकडा पहिल्याच्या रिपोर्टात आहे, फायब्रोस्कॅनची, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या तपासणीची, गरज दुसऱ्याला आहे. दुसऱ्याच्या प्लेटलेट कमी आहेत हे कागदावर दुसऱ्या पानावर असते आणि मागच्या पावसाळ्यातल्या तापावर ढकलले जाते. हा निर्देशांक पस्तिशीच्या आत भरवशाचा नाही आणि पासष्टीनंतर त्याची मर्यादा वर न्यावी लागते, हेही खरे. तरीही एकट्या एसजीपीटीपेक्षा तो कितीतरी शहाणा आहे.

‘कारण काही असो, आकडा खाली आणला तर बिघडले कुठे’ असे विचारणाऱ्यांसाठी अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाचे उदाहरण पुरे आहे. पित्ताच्या काही आजारांत ते खरोखर उपयोगी आहे. फॅटी लिव्हरच्या दाहावर अमेरिकेत त्याची दोन वर्षे चाचणी झाली आणि २००४ साली निकाल आला: नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा काहीही जास्त नाही. दुधी काट्याच्या (मिल्क थिसल) अर्काने मृत्यू कमी होतात असे २००७ च्या कोक्रेन आढाव्यालाही दिसले नाही, आणि आपल्या दुकानांतली अनेक टॉनिक त्या अर्कावरच उभी आहेत. या औषधांनी कधी एसजीपीटी उतरते, कधी ती आपोआपच उतरणार असते, आणि मधल्या काळात साखर, पोट आणि विषाणू यांकडे कोणी पाहत नाही. उलट क्यूबातल्या २९३ रुग्णांच्या २०१५ च्या अभ्यासात वर्षभरात दहा टक्के वजन घटवणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोकांच्या यकृताचा दाह निवळला आणि सुमारे निम्म्यांची तंतुमयताही मागे हटली. २०२४ आणि २०२५ मध्ये अमेरिकेने या आजारावर रेस्मेटिरोम आणि सेमाग्लुटाइड यांना परवानगी दिली, पण तीही दाहासोबत मध्यम ते पुढची तंतुमयता असलेल्यांसाठी, म्हणजे निवड पुन्हा ओल पाहूनच.

स्कॉटलंडच्या टेसाइड भागात, डंडी विद्यापीठाच्या गावी, लॅबच हे काम करते. डॉक्टरने यकृताची तपासणी मागितली आणि आकडा बिघडलेला निघाला, तर त्याच नळीतल्या रक्तावर विषाणू, लोह, स्वयंप्रतिकार यांच्या पुढच्या तपासण्या आपोआप होतात, तंतुमयतेचा निर्देशांक काढला जातो आणि डॉक्टरकडे आकड्यासोबत संभाव्य कारण व पुढचे पाऊल लिहून जाते. आपल्याकडे ते जसेच्या तसे शक्य नाही. इथे रक्त देणारा अनेकदा डॉक्टरकडे न जाता थेट पॅकेज घेतो आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. पण त्या पॅकेजात वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे चारही आकडे आधीच मोजलेले असतात. फिब-४ ची एक ओळ छापायला लॅबला रक्ताचा एक थेंबही जादा लागणार नाही. मग ठळक काय छापायचे, हेही बदलावे लागेल.